‘समकक्षता सिद्ध झाली नाही’ म्हणजे नक्की काय सिद्ध झालं नाही?

प्रति,
आर्ट थेरपिस्टांची नोंदणी करणाऱ्या आणि त्यांना परवाना देणाऱ्या सर्व मंडळांचे, परिषदांचे सदस्य

विषय : दुसरीकडे शिकून आलेल्या आर्ट थेरपिस्टांच्या अर्जांवरचे निर्णय

सन्माननीय सदस्यहो,

मी आर्ट थेरपिस्ट आहे, चित्रांच्या आधारानं मनावर उपचार करणारी. म्हणजे जिथं शिकले तिथं आहे. आता जिथं राहते तिथं मी ‘कला-उपक्रम सहायक’ आहे, कारण आर्ट थेरपिस्ट हे शब्द नावापुढं लावायला तिथल्या मंडळाची नोंदणी लागते आणि ती मला मिळालेली नाही. मी रंग वाटते, ब्रश धुते, टेबलं पुसते. एखाद्या मुलीनं कागदाचा एकच कोपरा खरडून खरडून काळा केला आणि बाकीचा कागद कोरा ठेवला, तर तोंड मिटून बसते. त्याबद्दल तिच्याशी बोलणं हे आता माझं काम नाही. ज्यांचं आहे ती जागा दीड वर्षं रिकामी आहे.

नियम मोडून तिच्याशी बोलावं असं मला कधी वाटलं नाही, हे आधीच सांगते. नियम असायला हवेत. ते कशासाठी हवेत हे मी पुढं लिहिलंच आहे. माझं भांडण एका ओळीशी आहे. अर्ज केल्यावर चौदा महिन्यांनी मला पत्र आलं, त्यात एवढंच होतं : ‘आपल्या पात्रतेची समकक्षता सिद्ध झाली नाही.’ म्हणजे माझं शिक्षण इथल्या शिक्षणाच्या तोडीचं ठरलं नाही. कुठला विषय कमी पडला, किती तास कमी पडले, की कागद अपुरे होते, यातलं काहीच नाही. फी परत मिळणार नाही, हे मात्र खाली ठळक अक्षरात होतं.

त्या मंडळाचं नाव मी लिहीत नाही. एका मंडळावर राग काढायचा असता तर अपील केलं असतं. हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे, कारण ती ओळ सगळीकडे सारखीच दिसते.

माझ्या अर्जाचं काय झालं ते थोडक्यात सांगते. मी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम केला. त्यात मानसशास्त्र होतं, विकासाचे टप्पे होते, साहित्याचा अभ्यास होता (साहित्य म्हणजे कविता-कादंबऱ्या नव्हेत, माती, कोळसा, जलरंग माणसाला कुठं सैल करतात आणि कुठं घाबरवतात, याचा अभ्यास), आणि इस्पितळात, शाळेत, वृद्धाश्रमात प्रत्यक्ष काम होतं. तो अभ्यासक्रम आता बंद झालाय. विभाग दुसऱ्या विभागात विलीन झाला. मंडळाला हवा होता प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम, तासांसह, विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी. विद्यापीठानं कळवलं की एवढ्या जुन्या नोंदी त्यांच्याकडं नाहीत. मी माझ्या जुन्या फाइलीतल्या प्रती पाठवल्या. मंडळानं कळवलं की अर्जदाराने पाठवलेल्या प्रती ग्राह्य नाहीत.

दुसरी अडचण सुपरव्हिजनची. आमच्या कामात सुपरव्हिजन म्हणजे वरिष्ठाची देखरेख एवढंच नसतं. दर आठवड्याला तुम्ही एका जाणत्या माणसासमोर बसता, काय घडलं ते सांगता, आणि आपण जे ऐकलंच नाही ते तो तुम्हाला ऐकवतो. माझ्या बाई तीन वर्षं दर गुरुवारी हे करत होत्या. सत्र संपल्यावर त्या मला स्वतःला एक चित्र काढायला लावायच्या, ‘आता तुझ्या आत काय उरलंय ते काढ,’ म्हणून. मग वहीच्या समासात लाल शाईनं तारीख आणि त्यांची आद्याक्षरं. अशा सात वह्या आहेत. मंडळाचा फॉर्म म्हणत होता की सुपरवायझरनं तास स्वतः भरून, स्वतःच्या ईमेलवरून थेट मंडळाकडं पाठवावेत. बाई वारल्या त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. मी तसं कळवलं, मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर आलं : कृपया सुपरवायझरने फॉर्म भरून पाठवावा.

हसू येतं आता. तेव्हा आलं नव्हतं.

आता तुमची बाजू. ती मला कळते, आणि हे उगाच गोड बोलणं नाही. आमच्या पेशाचं नाव फार स्वस्तात वापरलं जातं. शनिवार-रविवारचा वर्ग करून ‘सर्टिफाइड’ झालेली मंडळी आहेत, मंडलं (गोलाकार नक्ष्या) रंगवायच्या पुस्तकांवर ‘थेरपी’ छापलेलं आहे. नुसतं रंगवून बरं वाटत असेल तर आनंदच आहे, त्याला परवाना कशाला? पण चित्र माणसाला शब्दांपेक्षा लवकर उघडतं. बोलताना माणूस सावध असतो, रेघ ओढताना नसतो. मारहाण सोसलेल्या मुलाला कुणी उत्साहानं ‘काय झालं ते काढून दाखव’ म्हणालं, तर पाच मिनिटांत तो मुलगा पुन्हा त्या खोलीत जाऊन बसतो, आणि त्याला तिथून बाहेर कसं आणायचं हे उत्साही माणसाला माहीत नसतं. म्हणून दारावर कुणीतरी हवं, आणि तिथं तुम्ही असावंत हेच मला हवंय. पण आज सुक्याबरोबर ओलंही जळतंय. दोन दिवसांचं सर्टिफिकेट आणि दोन वर्षांची पदवी, दोन्हींना तीच एक ओळ जाते.

शिवाय ‘समकक्ष’ म्हणजे कशाच्या कक्षेत, यावर तुमच्यात तरी कुठं एकमत आहे? एकच बाई घ्या, तेच शिक्षण, तोच अनुभव. ब्रिटनमध्ये ती कायद्यानं संरक्षित नावाची व्यावसायिक असेल. तिथं आर्ट थेरपिस्ट किंवा आर्ट सायकोथेरपिस्ट म्हणवून घ्यायला हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलची नोंदणी लागते, नोंदणी नसताना म्हणवून घेणं हा गुन्हा आहे. ती कॅनडात ओंटारिओला गेली आणि मानसोपचाराचं काम करू लागली, तर तिला २०१५ साली सुरू झालेल्या मानसोपचारकांच्या ‘कॉलेजा’त (म्हणजे तिथल्या नोंदणी-मंडळात) ‘नोंदणीकृत सायकोथेरपिस्ट’ व्हावं लागेल. न्यूयॉर्क राज्यात परवाना ‘क्रिएटिव्ह आर्ट्स थेरपिस्ट’ या नावानं मिळतो, म्हणजे चित्र, नृत्य, संगीत, नाट्य एकाच छत्राखाली. न्यू जर्सीत, मेरीलँडमध्ये, केंटकीत आर्ट थेरपीचा स्वतंत्र परवाना आहे, आणि अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत तो नाहीच, तिथं समुपदेशकाचा परवाना काढून काम करावं लागतं. ऑस्ट्रेलियात सरकारी नोंदणी नाही, व्यावसायिक संघटनेचं सदस्यत्व हीच ओळख. म्हणजे समुद्र ओलांडायचीही गरज नाही, एका राज्यातून शेजारच्या राज्यात घर बदललं की बाईचं व्यावसायिक नाव बदलतं. तिच्या हातातलं काम तसूभरही बदललेलं नसतं.

याला मी विनोद म्हणणार नाही. प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळ्या वाटेनं आला, कुठं आरोग्यखात्याच्या, कुठं समुपदेशनाच्या, कुठं कलाशिक्षणाच्या. पण यातून एक गोष्ट कळायला हवी : तुमच्या यादीतला विषयांचा क्रम आणि क्रेडिटचे आकडे हे तुमच्या वाटेचे ठसे आहेत. दुसऱ्या वाटेनं आलेल्या माणसाच्या पायांवर ते सापडणार नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकीचा अर्ज ‘मानवी विकास’ हा स्वतंत्र विषय नाही म्हणून अडला. तिच्या अभ्यासक्रमात तो चार विषयांत विभागून शिकवला होता. शिकवला होता, एवढं पुरायला हवं होतं ना?

आणि तासांचं काय? अमेरिकेतल्या आर्ट थेरपी क्रेडेन्शियल्स बोर्डाच्या नोंदणीसाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या पदवीनंतरही किमान १,००० तास प्रत्यक्ष काम आणि त्याबरोबर १०० तास सुपरव्हिजन लागतं. मला हे प्रमाण योग्य वाटतं. थोडं कमीच वाटतं, खरं सांगायचं तर. पण सुपरव्हिजन नोंदणीकृत आर्ट थेरपिस्टकडूनच हवं अशी अट कुणी घातली, की इथंच घोडं पेंड खातं. जिथं हा पेशा नवा आहे तिथं पहिल्या पिढीला वरिष्ठ आर्ट थेरपिस्ट आणायचा कुठून? ती पिढी मानसोपचारतज्ज्ञांकडून, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांकडून, अनुभवी सोशल वर्करांकडून शिकली. त्यातल्या काहींनी हाताखालच्या माणसाला चित्राकडं पाहायला नाही शिकवलं, हे खरं. पण माणसाकडं पाहायला शिकवलं. हे तास शून्य धरू नका. निम्मे धरा, पाव धरा, उरलेले तुमच्याकडच्या सुपरवायझरकडं करायला लावा. ते आता व्हिडिओ कॉलवरही होतं.

या पेशाचा इतिहास तुम्हाला मी सांगायचा, हे थोडं आगाऊपणाचं आहे, पण एक अर्ज तुमच्यापुढं ठेवते.

अर्जदार : ईडिथ क्रेमर. जन्म १९१६, व्हिएन्ना. आर्ट थेरपीतली पदवी : नाही. कारण ‘आर्ट थेरपी’ हा शब्दच एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकारानं १९४२ मध्ये, क्षयरोगातून बरं होताना सुचलेल्या कामासाठी वापरात आणला, आणि क्रेमर त्याच्या आधीच प्रागमध्ये निर्वासितांच्या मुलांना चित्रं काढायला शिकवण्यात मदत करत होत्या. प्रशिक्षण : चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांच्या हाताखाली. नागरिकत्व : १९३८ मध्ये नाझींपासून पळून न्यूयॉर्कला आलेल्या निर्वासित. अनुभव : १९५० पासून विल्टविक या मुलांच्या निवासी शाळेत. तिथली मुलं म्हणजे ज्यांच्यापुढं बाकीच्यांनी हात टेकले होते अशी.

शिक्क्याचा अभ्यासक्रम? नाही. सुपरवायझरची सही? फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांना तेरेझिनच्या नाझी छावणीत पाठवलं गेलं. तिथं त्यांनी मुलांना चित्रं काढायला शिकवलं. १९४४ मध्ये आउश्वित्झमध्ये त्यांची हत्या झाली. जाण्यापूर्वी त्यांनी मुलांची सुमारे ४,५०० चित्रं दोन सूटकेसमध्ये भरून लपवून ठेवली होती, ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

समकक्षता सिद्ध झाली?

क्रेमर यांनी पुढं न्यूयॉर्क विद्यापीठात आर्ट थेरपीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा करायला हातभार लावला. आज तुमच्याकडं निमूट मान्य होणाऱ्या पदव्यांपैकी कितीतरी त्यांच्या विचारांवर उभ्या आहेत. कुटुंबांसोबतच्या आर्ट थेरपीचा पाया घालणाऱ्या हाना क्वियाटकोव्स्का यासुद्धा पोलंडमध्ये जन्मलेल्या, अमेरिकेत येऊन काम केलेल्या. हा पेशाच दुसरीकडून आलेल्या माणसांनी घडवला.

तुम्ही म्हणाल, तो काळ वेगळा होता, तेव्हा पेशा जन्माला येत होता, आणि प्रत्येक अर्जदार काही क्रेमर नसतो. मान्य. मी तर नाहीच. क्रेमर यांना बिनशर्त आत घ्या असंही मी म्हणत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की तुमच्या आजच्या फॉर्ममध्ये त्यांना ओळखण्याची एखादी तरी जागा आहे का? एखादा रकाना, एखादी मुलाखत, जिथं ती बाई काय जाणते हे दिसेल? माझ्या फॉर्ममध्ये नव्हता. बत्तीस पानांचा फॉर्म होता, आणि त्यात एकही प्रश्न असा नव्हता ज्याचं उत्तर फक्त आर्ट थेरपिस्टला देता येईल.

मार्ग नवे शोधायचे नाहीत, ते आहेत. लिस्बनमध्ये १९९७ साली युरोप परिषद आणि युनेस्को यांनी मिळून केलेला करार पाहा. तो उच्च शिक्षणातल्या पदव्यांच्या मान्यतेबद्दल आहे, व्यवसायाच्या परवान्याबद्दल नाही, हे ठाऊक आहे मला. पण त्यातलं तत्त्व सोपं आहे : दोन पदव्यांत लक्षणीय फरक असेल तरच मान्यता नाकारावी, तो फरक दाखवून देण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर असावी, आणि नाकारल्याचं कारण सांगावं. त्याच करारात निर्वासितांसाठी वेगळं कलम आहे : कागद नसतील तरी त्यांची पात्रता पडताळून पाहण्याची काही पद्धत देशांनी उभी करावी. माझ्याकडं कागद नाहीत ते विभाग बंद पडल्यामुळं. ज्यांच्याकडं नाहीत ते विद्यापीठावर बॉम्ब पडल्यामुळं, त्यांचा विचार आधी करा. मी थांबेन.

युरोपीय संघाचा २००५ चा व्यावसायिक पात्रतेचा निर्देश तर थेट परवान्याच्या प्रश्नाला हात घालतो. तिथं शिक्षणात मोठा फरक आढळला तरी लगेच दार बंद करत नाहीत. एकतर जास्तीत जास्त तीन वर्षांचा जुळवून घेण्याचा काळ, म्हणजे नोंदणीकृत माणसाच्या देखरेखीखाली काम, नाहीतर क्षमतेची परीक्षा, अशी वाट ठेवलेली आहे. काही आहे, काही नाही, जे नाही ते भरून काढा, असं हे उत्तर असतं. अर्जदाराला मिळालेलं ते पहिलं माणसासारखं उत्तर.

मला हवंय ते याच्याच आसपासचं. पहिली आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट : नकार देताना काय कमी आहे ते लिहा. एवढं एकच केलंत तरी निम्म्या अर्जदारांचं आयुष्य सुटेल, कारण कमी काय आहे ते कळलं की माणूस ते शिकू शकतो. ‘कायदा व आचारनीती, ३ क्रेडिट’ असं पत्रात असतं तर मी त्याच महिन्यात प्रवेश घेतला असता, आणि तो विषय मला खरोखरच पुन्हा शिकायला हवा होता. मुलाच्या सुरक्षेबद्दल शंका आली तर कुणाला, किती तासांत कळवायचं, गोपनीयता कुठं संपते, चित्राची मालकी कुणाची, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. बाहेरून आलेल्या माणसाची यावर परीक्षा घेतलीच पाहिजे. कडक घ्या.

भाषेची परीक्षाही घ्या, तक्रार नाही. फक्त वेळ लावून निबंध लिहून घेतल्यानं माणूस रडणाऱ्या आजोबांशी बोलू शकतो का हे कळत नाही, एवढं लक्षात असू द्या.

मधली पायरी मात्र मला फार महत्त्वाची वाटते. आज अर्जदार एकतर पूर्ण आर्ट थेरपिस्ट असतो, नाहीतर ब्रश धुणारा. मध्ये काहीच नाही. सशर्त नोंदणी द्या, नावापुढं ‘तात्पुरती’ लिहा, तीन महिन्यांनी अहवाल मागवा, चुकलं तर काढून घ्या. पण त्या दीड वर्षाच्या रिकाम्या जागेवर देखरेखीखाली बसू द्या. हात चालता राहिला नाही तर कौशल्य जातं. कुंभाराला विचारा, सर्जनला विचारा. नोंदणीविना तीन वर्षं जातात आणि मग तुम्ही विचारता, ‘गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्ष काम का नाही?’ हा प्रश्न मला प्रत्यक्ष विचारला गेलाय. मी पाण्याचा घोट घेतला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

जिथं कागद मिळणारच नाहीत तिथं माणसाला समोर बसवा. आमच्या पेशात ते सोपं आहे. ओळख पुसलेली एखादी केस आणि तिच्यातली चार चित्रं घेऊन तासभर बोलायला सांगा. पहिल्या दहा मिनिटांत कळेल. ज्यानं वीकेंडचा वर्ग केलाय तो सांगेल की काळा रंग म्हणजे नैराश्य. ज्यानं काम केलंय तो सांगेल की त्या दिवशी डब्यात काळाच खडू शाबूत होता, हे त्यानं आधी तपासलं.

हा विनोद नाही. माझ्या बाईंनी मला पहिल्याच गुरुवारी शिकवलेली गोष्ट आहे. मी एका मुलाच्या चित्रातल्या हात नसलेल्या माणसाबद्दल पंधरा मिनिटं सिद्धांत सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘कागद संपला होता का गं?’ संपला होता. वहीत ते पान आहे, तारखेसह.

आणि बाहेरून आलेल्या माणसाला फक्त कमतरतेच्या यादीतून पाहू नका. तुमच्याकडं उपचाराला येणारी माणसंही आता सगळीकडून येतात. दुःखाचा रंग कुठला, घर काढताना दार कुठं असतं, माणूस काढताना चेहरा काढायचा की नाही, हे सगळीकडं एक नाही. एका ठिकाणच्या मुलांच्या चित्रांवर बेतलेले ठोकताळे दुसऱ्या ठिकाणच्या मुलाला लावले की चूक होते, आणि ती चूक अशी असते की करणाऱ्याला कळतसुद्धा नाही. दोन ठिकाणी शिकलेला माणूस निदान एवढं तरी विचारतो की इथं याचा अर्थ तोच आहे ना? तुमच्या क्रेडिटच्या तक्त्यात याला रकाना नाही. घालता आला तर पाहा.

माझी फाइल मी पुन्हा पाठवतेय. या वेळी अभ्यासक्रमाच्या प्रतींबरोबर माझ्या वर्गातल्या तिघींची प्रतिज्ञापत्रं आहेत, एकीची नोंदणी तर तुमच्यापैकीच एका मंडळानं त्याच पदवीवर केलेली आहे. सुपरवायझरचा फॉर्म या वेळीही कोरा आहे. त्याच्या जागी सात वह्यांमधली निवडक पानं जोडली आहेत, मूळ वह्या माझ्याकडं आहेत. बोलावलंत तर घेऊन येईन. टेबल जरा मोठं लागेल, कारण बऱ्याच पानांवर दुमडून चिकटवलेली चित्रं आहेत, आणि ती उघडावी लागतात.

आपली,
एक अर्जदार